पंधराचं माप

"हे तुझं," ऑर्व्हल म्हणाला आणि पर्सिमन फळाच्या पुडिंगचं भांडं बाजूला करून त्याने फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल टेबलावरून पुढे सरकवलं.

व्हर्लिनने हात पुढे केलाच होता. काटा खाली ठेवून, बोटं पँटला पुसून, अगदी तयारीत. पण पिस्तूल त्याच्या हाताशी थांबलं नाही. ते त्याच्या ताटाच्या कडेने पुढे गेलं आणि त्याच्या बायकोच्या पुढ्यात जाऊन थांबलं.

"मला?" आर्लेटा म्हणाली. "डॅड, बरं वाटतंय ना तुम्हाला? मी काय करू ह्याचं? केस कापू?"

"केस कापताना तुझा हात हलत नाही. मला तेवढं पुरे," म्हातारा म्हणाला. "आणि पुडिंग दे थोडं. ह्याने मधला भाग सगळा उकरलाय, बघ."

'ह्याने' म्हणजे व्हर्लिनने. अठ्ठावन्न वर्षांचा मुलगा, स्वतःचा पंपदुरुस्तीचा धंदा, स्वतःचा क्रेनवाला ट्रक, आणि बापाच्या तोंडी अजून 'ह्याने'. तो उठून सिंकपाशी गेला, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. पाणी व्यवस्थित येत होतं. त्या घरात ते नेहमीच व्यवस्थित यायचं, कारण विहिरीतला पंप त्याने बसवला होता. त्याबद्दल म्हाताऱ्याच्या तोंडून कधी चकार शब्द निघाला नव्हता.

"व्हर्लिन, तुला चालेल ना?" आर्लेटाने विचारलं.

"मला काय विचारतेस? पिस्तूल त्यांचं, मर्जी त्यांची."

"त्याला कशाला विचारतेस?" ऑर्व्हल म्हणाला. "त्याला त्याचं दिलं होतं मी."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं.

ती पिस्तुलं जोडीने आली होती. ऑर्व्हल तेव्हा चुनखडीच्या खाणीत करवतीवर होता. टपालाने मागवलेली ती ठासणीची पिस्तुलं त्याने पेटीतून काढली, तेव्हा अर्धी खाण बघायला जमली होती. सहा कोठ्यांची फिरकी, लांब नळी, अक्रोडाची मूठ आणि सांगाडा पिवळ्याधमक पितळेचा. एक त्याने स्वतःला ठेवलं आणि दुसरं व्हर्लिन वयात आला तेव्हा त्याला दिलं. आमच्या हिकरी बॉटम नेमबाजी क्लबात त्याच्या वयाच्या कुणाकडे तसं पिस्तूल नव्हतं.

पितळी पिस्तूल दिसायला देखणं असतं आणि सहन करायला नाजूक. त्याच मापाच्या लोखंडी पिस्तुलाच्या कोठीत वीस ग्रेन, म्हणजे जेमतेम चिमूटभर, काळी दारू घातली, बावीस घातली, तरी ते हूं की चूं करत नाही. पितळेला पंधरा. कोठीत उरलेल्या जागेत मक्याचं पीठ भरायचं आणि वर शिशाची गोळी घट्ट दाबून बसवायची, म्हणजे गोळी आणि भरण ह्यांच्यात पोकळी राहत नाही. पोकळी राहिली तर हत्यार दगा देतं. काडतुसातली आजकालची दारू ह्यात घालणारा माणूस तर आमच्या मैदानात दुसऱ्यांदा दिसत नाही. त्याला आम्हीच हाकलतो. हे सगळं आमच्याकडे पोरंटोरंही सांगतील.

पण पितळेची खोड अशी, की जास्त दारू घातली म्हणून ते लगेच काही करत नाही. उलट खूश झाल्यासारखा मोठा बार काढतं, धूर ओकतं, बघणारे टाळ्या वाजवतात. प्रत्येक बाराला सांगाडा केसभर ताणला जातो, आणि ते कुणाला दिसत नाही. व्हर्लिन विशीत होता. कुंपणापलीकडे मुली उभ्या असायच्या, त्यांत आर्लेटाही असायची. त्याने कोठ्या काठोकाठ भरल्या. दोन उन्हाळ्यांत पिस्तुलाची फिरकी खुळखुळायला लागली. ऑर्व्हलने ते हातात घेतलं, कानाशी हलवून बघितलं आणि परत दिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं व्हर्लिनला पुढची अडतीस वर्षं वाटत राहिलं.

त्यानंतर त्याने लोखंडी सांगाड्याचं, मोठ्या तोंडाचं पिस्तूल घेतलं. ते पस्तीसही पचवायचं. शरदातल्या सामन्यात व्हर्लिनची पाळी आली की आम्ही कानांवर हात ठेवायचो आणि हसायचो. धूर निवळल्यावर सगळे त्याच्या पाठीवर थाप मारायचे. ऑर्व्हल मात्र त्याचं निशाण बघायला कधी उठून जायचा नाही.

आणि आता त्याचं स्वतःचं पिस्तूल, ज्याची फिरकी अजून नव्यासारखी टक्क बसत होती, ते गेलं सुनेला.

आर्लेटाचं केस कापायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. दर तिसऱ्या आठवड्याला ऑर्व्हल तिथे यायचा. डोक्यावर मोजून कापावेत इतकेच केस राहिले होते, पण तासभर बसायचा. व्हर्लिन कामावरून आला की ट्रक बंद करून तसाच आत बसून राहायचा, कारण खिडकीतून बापाचं हसणं ऐकू यायचं. मोठं, ढेकर दिल्यासारखं हसणं. ते त्याने घरात कधी ऐकलं नव्हतं. त्याला वाटायचं, दार उघडून आत जावं आणि विचारावं, काय एवढं हसायला आलंय? पण तो आत गेला की हसणं थांबायचं, हेही त्याला माहीत होतं.

ती त्याला 'डॅड' म्हणायची. व्हर्लिनही 'डॅड'च म्हणायचा. तिच्या 'डॅड'ला म्हातारा मान वर करून बघायचा, व्हर्लिनच्या 'डॅड'ला नुसतं "हं" करायचा.

पिस्तूल दिल्यापासून तर तो रोजच यायला लागला. शरदातल्या सामन्यासाठी घरामागे उताराला दोघांचा सराव चालायचा. एका दुपारी व्हर्लिन ट्रकचं बॉनेट उघडून आत डोकं घालून होता आणि त्यांचं बोलणं त्याच्या कानावर येत होतं.

"माप कसं धरायचं सांगितलं मी?"

"चिमटीत. काठोकाठ भरायचं, मग अंगठ्याने वरची रास निपटून काढायची."

"दारूचं शिंग कोठीच्या तोंडाशी न्यायचं का?"

"नाही. कधीच नाही. आधी मापात, मग मापातून कोठीत. आत एखादी ठिणगी राहिली असली तर एका मापाने भागतं, शिंगभर दारू हातात फुटत नाही."

"शाबास. किती?"

"पंधरा."

"आणि वीस घातली तर?"

"तर काय होईल, डॅड?"

"तर तू व्हर्लिन होशील."

दोघं हसले. आर्लेटा जरा कमी हसली, पण हसली. मग ऑर्व्हलने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिचं कोपर किंचित वर उचललं आणि ती नेम धरेपर्यंत हात तिथेच राहू दिला. बॉनेटखालून व्हर्लिनने ते पाहिलं. अंगाचा तिळपापड झाला त्याच्या. अठ्ठावन्न वर्षांत बापाने त्याच्या खांद्यावर असा हात ठेवलेला त्याला आठवेना. आठवायचा प्रयत्न त्याने खरंच केला.

ते माप म्हणजे बोटाएवढी पितळी नळी होती, एका बाजूने बंद. ऑर्व्हलने खाणीत असताना स्वतः केलेली. जाड कडेची, आतून बरोबर पंधरा ग्रेनची. ह्या मापावर त्याचा जीव होता. क्लबातले अर्धे लोक आपापली मापं त्याच्या मापाशी ताडून बघायचे. तेही त्याने पिस्तुलाबरोबर आर्लेटाला दिलं होतं.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात, आर्लेटा दुकानात कुणाचे तरी केस रंगवत असताना, व्हर्लिनने ते माप तिच्या पेटीतून काढलं आणि शेडमधल्या लेथपाशी नेलं. पितळेचा एक तुकडा घेऊन त्याने बाहेरून हुबेहूब तसंच दुसरं माप कातलं. तीच लांबी, तीच जाडी, बुडाशी तसाच ओरखडा. आतून मात्र खोल आणि रुंद. त्यात पंचवीस मावत होती. काम इतकं सुरेख झालं की कुणाला तरी दाखवावं असं त्याला वाटलं, आणि दाखवण्यासारखं कुणीच नव्हतं.

त्याने काही पिस्तूल उडवून द्यायचं ठरवलं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. पंचवीस दारू पडली, तिच्यावर सवयीने मक्याचं पीठ पडलं की गोळी आत बसणारच नाही. काठाच्या वर डोकं काढून राहील आणि फिरकी अडकेल. बार निघायचा प्रश्नच नाही. आर्लेटाचा डाव जाईल, लोक हसतील. आमच्या क्लबाचा, ऑर्व्हलनेच घालून दिलेला नियम असा, की ज्याच्या हातून माप चुकलं त्याने त्या दिवसापुरतं नेमबाजीच्या रेषेवरून उठायचं. ती उठेल, घरी येईल, म्हाताऱ्याला कळेल. हात हलत नाही म्हणे तिचा! एवढंच त्याला हवं होतं.

आणि म्हातारा त्या दिवशी येणार नव्हता. गुडघे धरले होते, थंडी पडली होती. "मी आलो नाही तरी चालेल. तुझी तू भर," असं त्याने आर्लेटाला सांगितलेलं व्हर्लिनने स्वतः ऐकलं होतं. हे महत्त्वाचं, कारण आमच्याकडे एक रीत आहे. वारशाने मिळालेलं पिस्तूल पहिल्यांदा मैदानात उतरतं तेव्हा पहिल्या कोठीतली दारू देणाऱ्याने घालायची. बाकीच्या कोठ्या घेणाऱ्याने भरायच्या. देणारा हयात नसला किंवा आलेला नसला, तर प्रश्नच मिटला.

सामन्याच्या सकाळी मैदानालगतच्या खाडीवर धुकं होतं. व्हर्लिन आणि आर्लेटा लवकर पोचले. ती कॉफी आणायला गेली तेवढ्यात त्याने पेटी उघडली, माप बदललं आणि खरं माप स्वतःच्या जॅकेटच्या खिशात टाकलं. मग तो मैदानाच्या टोकाला जाऊन निशाणांचे कागद टाचायला लागला. हात अगदी स्थिर होते त्याचे.

परत आला तर क्लोव्हिस बीमनचा ट्रक झाडाखाली उभा होता. क्लोव्हिस आमचा रेषेवरचा प्रमुख; त्याने 'भरा' म्हटल्याशिवाय कुणी भरत नाही आणि 'मारा' म्हटल्याशिवाय कुणी मारत नाही. तो ट्रकमधून घडीची खुर्ची काढत होता, आणि दुसऱ्या दाराने, एकेक पाय खाली टाकत, ऑर्व्हल उतरत होता.

"हिने सकाळी सहाला फोन केला मला," क्लोव्हिस व्हर्लिनला म्हणाला. "म्हणे त्यांना उचलून आणा, पण आणा. बायको आहे की वादळ रे तुझी?"

"गुडघे?" व्हर्लिनने बापाला विचारलं.

"गुडघे घरी ठेवून आलोय," ऑर्व्हल म्हणाला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्याशी वरचं बटण लावलेलं.

व्हर्लिनचा हात खिशात होता. खरं माप त्याच्या मुठीत होतं. पेटी टेबलावर होती, दहा पावलांवर. आर्लेटा कानात कापूस घालत होती, कुणी बघत नव्हतं. जायचं, माप बदलायचं, झालं. तो निघालाही. पण तेवढ्यात ऑर्व्हलने आर्लेटाचा दंड धरला आणि जमलेल्या माणसांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "बघून घ्या रे. ही माझी नेमबाज."

माणसं हसली, कुणी शिटी वाजवली. आर्लेटा लाजली. आणि व्हर्लिन जिथे होता तिथेच उभा राहिला. 'माझी' म्हणाला म्हातारा. ह्या मैदानात त्याने आपल्या मुलाबद्दल कधी कुणापुढे असा शब्द काढला नव्हता. व्हर्लिनने खिशातलं माप सोडलं आणि हात बाहेर काढून छातीवर घडी घातली. होऊ दे काय व्हायचं ते.

"भरा," क्लोव्हिसने आवाज दिला.

ऑर्व्हल टेबलापाशी खुर्चीत बसला. आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो, रीतच आहे ती. थंडीने त्याची बोटं निळसर पडली होती. त्याने शिंगातून मापात दारू ओतली, वर रास झाली, ती अंगठ्याने निपटली. मग माप कोठीवर पालथं केलं. आर्लेटाने वरून पीठ घातलं, गोळी ठेवली. ऑर्व्हलने गोळी दाबायचा नळीखालचा दांडा खाली ओढला.

गोळी थोडी गेली आणि अडली.

त्याने पुन्हा ओढला. गळ्याच्या शिरा फुगल्या. गोळी काठावर डोकं काढून बसली ती बसलीच. फिरकी वळवायला गेला, वळेना.

"थांबा, डॅड," आर्लेटा हळूच म्हणाली. "जोर नका करू."

कुणीतरी खाकरलं. क्लोव्हिस पुढे आला. त्याने पिस्तूल अलगद म्हाताऱ्याच्या हातातून काढून घेतलं, नळी खाली करून बघितलं. ठिणगी पाडणारी केप अजून लावलेली नव्हती, त्यामुळे धोका काही नव्हता. पण पन्नास वर्षं ज्याने आम्हाला 'दोनदा बघा, एकदा ओता' असं सांगून हैराण केलं, त्या माणसाने आमच्या डोळ्यांदेखत कोठी जास्त भरली होती.

"होतं रे असं, ऑर्व्हल," क्लोव्हिस म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. जरा मोठा आणि सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसा. "थंडी आहे. डोळ्यांचंही तुझ्या... होतं असं."

"मी एकदाच ओतली," ऑर्व्हल म्हणाला.

"हो हो. बरोबर."

"एकदाच ओतली, क्लोव्हिस."

"डॅड एकदाच ओतत होते, मी बघत होते," आर्लेटा म्हणाली आणि माप उचलायला तिने हात पुढे केला.

त्याच्या आधी ऑर्व्हलने ते उचललं. त्याने अंगठा मापाच्या तोंडावर ठेवला. तसाच ठेवला. अंगठा हळूहळू कडेवरून फिरवला, एकदा सगळीकडून. ती कड पातळ होती. त्याच्या हातची कड जाड होती. त्याने मान वर करून बघितलं नाही, कुणाकडेच नाही. पण व्हर्लिनला मात्र वाटलं की तो अंगठा आपल्या मानेवरून फिरतोय.

"दोनदा ओतली असेन," ऑर्व्हल म्हणाला. "हो. दोनदाच ओतली असणार."

त्याने माप शर्टाच्या खिशात टाकलं आणि बटण लावलं.

"नियम माझाच आहे," तो म्हणाला आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. "आर्लेटा, तू क्लोव्हिसचं माप घे. ती कोठी आधी रिकामी करून घे. आणि पाचच भर. घोडा रिकाम्या कोठीवर."

"मला नाही मारायचं."

"मार म्हणतोय ना."

तिने मारलं. चांगलं मारलं, पण आमच्यातलं कुणी निशाणाकडे बघत नव्हतं. आम्ही खुर्ची ओढत निघालेल्या म्हाताऱ्याकडे बघत होतो. दोघंतिघं मदतीला धावलेही. त्याने खुर्ची दिली नाही.

ट्रकमागे, क्लबच्या लाकडांच्या ढिगाऱ्यापाशी, व्हर्लिनने त्याला गाठलं. धावल्यामुळे त्याला धाप लागली होती.

"डॅड. ते माप..."

"माझ्या हातून जास्त पडली."

"तुमच्या हातून नाही पडली. मी सांगतो सगळ्यांना. आत्ता जातो आणि सांगतो."

"काय सांगशील?" ऑर्व्हलने विचारलं. तो अजूनही व्हर्लिनकडे बघत नव्हता, खाडीकडे बघत होता. "बायकोचा डाव घालवायला शेडमध्ये बसून हे केलं म्हणून सांगशील? तिच्यासमोर? मग ती राहील का तुझ्या घरात? म्हाताऱ्याचा हात चुकला, हे लोकांना समजतं. त्यात काही विशेष नाही. आज ना उद्या चुकणारच होता."

"पण ते आता तुम्हाला... ते समजतील की तुम्ही..."

"समजू देत."

"का पण?" व्हर्लिन ओरडलाच. "माझ्यासाठी कशाला करता? सगळं तिला दिलंत ना? मग हे कशाला?"

मैदानातून बार ऐकू येत होते, एकामागून एक, लहान आणि नेमके.

"तुझं पिस्तूल खुळखुळायला लागलं तेव्हा चूक माझी होती," तो म्हणाला. "पितळी पिस्तूल मी तुझ्या हातात दिलं आणि तुझ्याजवळ उभा राहिलो नाही. खाणीत दोन पाळ्या करत होतो. म्हटलं, माप दिलंय, शिकेल आपला आपण. हिच्यापाशी उभा राहायला आता मला वेळ आहे. एवढाच फरक आहे, बाकी काही नाही."

अडतीस वर्षं ज्याची व्हर्लिनने वाट बघितली होती ते हेच असावं, आणि ते आजच यायचं होतं.

ऑर्व्हलने शर्टाचं बटण काढलं, ते माप बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि आत बघितलं.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. "कड सगळीकडून एकसारखी आहे. मला नसती जमली."

व्हर्लिनने दोन्ही हात तोंडावर घेतले. म्हाताऱ्याने माप खाडीत भिरकावलं. ते फार लांब गेलं नाही, काठच्या चिखलातच पडलं. म्हातारा मैदानाकडे परत निघून गेला.

दुपारी पत्र्याच्या शेडखाली जेवणं झाली. भाजलेलं हॅम, घेवड्याच्या शेंगा, मक्याचा पाव. आर्लेटा दुसरी आली होती. तिला बक्षीस मिळालं, कागदी फीत, ती तिने लावली नाही, पर्समध्ये टाकली. व्हर्लिनशी ती सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. तिला काय समजलं आणि काय नाही हे आम्हाला माहीत नाही. पण ती त्याच्या शेजारी बसली नाही. ताट घेऊन बायकांच्या टेबलाकडे गेली.

ऑर्व्हल लांब टेबलाच्या टोकाला एकटा बसला होता. येणारेजाणारे त्याला विचारत होते, "बरंय ना, ऑर्व्हल? गारठा लागत नाही ना?" आणि उत्तर यायच्या आधीच पुढे जात होते. आदल्या वर्षापर्यंत हीच माणसं आपली मापं घेऊन त्याच्यापाशी यायची. आज कुणी माप काढलं नाही.

व्हर्लिनने ताट वाढून घेतलं. आज बापाच्या शेजारी बसायचं, असं त्याने ठरवलं होतं. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. तो वळेपर्यंत क्लोव्हिस तिथे बसला होता. क्लोव्हिसने ऑर्व्हलचं ताट स्वतःकडे ओढलं आणि बोलता बोलता, अगदी सहज, त्यातल्या हॅमचे लहान लहान तुकडे करायला लागला. घरी नातीला करून देतो तसे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या मनात नुसती माया होती आणि ती त्याला उघडपणे दाखवता येत होती. व्हर्लिनला त्याचा हेवा वाटला. आयुष्यात एवढा हेवा त्याला कुणाचा वाटला नव्हता, बायकोचासुद्धा नाही.

तो ताट घेऊन उभाच होता. ऑर्व्हलने समोर आलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते, स्थिर, अजिबात हलत नव्हते.

"थँक यू, क्लोव्हिस," तो म्हणाला आणि काट्याने पहिला तुकडा उचलला.